आकाशगंगेच्या दोन भिंती

२२ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा तिसरा भाग दाखवला गेला. त्यात आकाशगंगेच्या काठावर एंटरप्राइझ यानाला ऊर्जेचा एक झगझगीत पट्टा आडवा आला. त्यात शिरताच काही खलाशी दगावले. गॅरी मिचेल या अधिकाऱ्याचे डोळे चांदीसारखे चकाकू लागले आणि त्याच्या अंगी अमानवी शक्ती आली. दोनशे वर्षांपूर्वी तिथवर पोहोचलेल्या ‘व्हॅलियंट’च्या कप्तानाने स्वतःचेच यान उडवून दिले होते, हेही याच भागात उघड होते. हा पट्टा तिथे आला कुठून, हे मात्र कुणीच सांगत नाही.

तेवीस वर्षांनी, १९८९ मध्ये, एंटरप्राइझचा कप्तान कर्क याची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनर यांनी दिग्दर्शित केलेला मालिकेवरचा पाचवा चित्रपट आला. त्यात काठावरच्या पट्ट्यासारखीच दुसरी भिंत दिसली, तीही थेट आकाशगंगेच्या मध्यभागी. तिच्या पलीकडच्या ग्रहावर स्वतःला देव म्हणवणारा एक जीव कोंडलेला होता. सुटकेसाठी तो एंटरप्राइझ मागू लागला, तेव्हा कर्कला त्याचा संशय आला.

इथूनच चाहत्यांचे तर्क धावू लागले. काठावर एक भिंत, मध्यभागी दुसरी. या दोन्ही एकाच हाताने बांधल्या असतील का? त्यात अडचणीही होत्या. १९७३ च्या ॲनिमेशन मालिकेत हेच यान मध्यभागी जाऊन आले होते आणि तिथे भिंतीचा मागमूसही नव्हता. १९९१ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या मालिकेतले यानही तिथे विनासायास पोहोचले. दर वेळी लेखक वेगळे, त्यामुळे जुन्या भागांशी मेळ बसतो की नाही हे पाहण्याचे काम प्रेक्षकांनीच अंगावर घेतले.

ही सवय फार जुनी. पहिली मालिका चालू असतानाच, १९६७ मध्ये, ‘स्पॉकनेलिया’ हे चाहत्यांचे नियतकालिक निघाले. बीजो ट्रिंबल यांनी १९६९ मध्ये मालिकेचा संदर्भकोश काढला. १९८० मध्ये ‘स्टार ट्रेक मॅप्स’ हा नकाशांचा संच बाजारात आला. तो करणाऱ्यांत जेफ्री मँडेल होते. अशा कामात एक ओळदेखील वाया जाऊ द्यायची नसते. एखाद्या पात्राने ओझरता उल्लेख केलेल्या तेजोमेघाची जागा ठरवायची, तिथून शेजारच्या साम्राज्याची सीमा काढायची, मग दोन मालिकांतली संकटे एकाच पट्ट्यात बसतात का ते पडताळायचे.

या कष्टांना फळही आले. १९९४ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत क्लिंगॉन जमातीचा योद्धा कोर ‘क्लाच द’केल ब्राक्त’ इथे रोम्युलन जमातीवर मिळवलेल्या विजयाबद्दल बोलतो. १९९८ च्या ‘इन्सरेक्शन’ चित्रपटात ‘ब्रायर पॅच’ नावाचा धोकादायक प्रदेश आला, जिथे संदेशवहन बंद पडते. दोन्ही उल्लेखांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मँडेल यांनी २००२ च्या ‘स्टार चार्ट्स’ या पुस्तकात दोन्ही जागा एकच मानल्या आणि २००४ मध्ये ‘एंटरप्राइझ’ मालिकेने तेच पडद्यावर आणले. नकाशातला अंदाज अधिकृत इतिहास झाला.

भिंतींच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. ग्रेग कॉक्स यांनी १९९८ मध्ये तीन कादंबऱ्यांत त्यांची सांगड घातली. ‘क्यू’ या सर्वशक्तिमान जमातीने एका दुष्ट जीवाला आकाशगंगेबाहेर हाकलले, तो परतू नये म्हणून काठावर भिंत उभारली आणि त्याच्या साथीदाराला मध्यभागी दुसऱ्या भिंतीआड कोंडले, असे त्यांनी रचले. पण या विश्वात पडद्यावर दिसते तेच प्रमाण मानले जाते, कादंबरीतले नाही. २०२२ मध्ये ‘डिस्कव्हरी’ मालिकेतले यान काठावरची भिंत ओलांडून पलीकडे गेले, तरी ती कुणी बांधली हा प्रश्न तिथेही सुटला नाही.

तरीही आजवरच्या तर्कांत कॉक्स यांचाच सर्वांत भक्कम वाटतो, कारण १९८९ च्या चित्रपटातला जीव कैदी होता, हा पुरावा तो वाया जाऊ देत नाही. ज्यांना तो स्वतः तपासायचा असेल त्यांनी १९६६ चा तो भाग आणि १९८९ चा चित्रपट लागोपाठ पाहावेत, कादंबऱ्या त्यानंतर हाती घ्याव्यात.