म्हातारीचं वय आणि वादळाची रात्र

परवा एक पेस्टल चित्र पाहण्यात आलं. आयर्लंडच्या खेड्यातली म्हातारी. डोक्यावरून घेतलेली शाल हनुवटीखाली घट्ट धरलेली, बोटं कामानं वाकडी झालेली. चित्रकारानं सुरकुती न् सुरकुती टिपलीय. नाव मात्र नाही. नुसतीच 'म्हातारी बाई'.

तिथल्या अशा कितीतरी म्हाताऱ्यांची नावं चित्रांनी नाही, पेन्शनच्या कागदांनी राखली. ती गोष्ट सांगतो.

आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राजवटीखाली होता. १९०८ साली लंडनच्या पार्लमेंटनं वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, पोस्टातून. आधी हप्ते भरायची अट नाही. रक्कम फार नव्हती, पण म्हातारीच्या हातात दर आठवड्याला स्वतःचा रोख पैसा! खेड्यातल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

अडचण अशी, की सत्तरी सिद्ध कशी करायची? आयर्लंडमध्ये सगळ्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ ला. १९०९ साली सत्तरीत असलेली बाई जन्मली १८३९ ला किंवा त्याआधी. दाखला आणणार कुठून?

मग वादळ कामाला आलं. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री देशभर भयंकर वादळ झालं होतं. छपरं उडाली, झाडं उन्मळली, माणसं मेली. लोक तिला 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणत. ती रात्र आठवते म्हणजे सत्तरी झाली, असा हिशोब. (आपल्याकडेही 'बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो' म्हणतातच की.) झालं! पेन्शन सुरू झाली आणि गावोगावची स्मरणशक्ती एकदम सुधारली. १९०१ आणि १९११ ची जनगणना शेजारी ठेवली, तर दहा वर्षांत पंधरा-वीस वर्षांनी म्हातारी झालेली माणसं सापडतात.

काही लबाड असतीलही. पण सरसकट लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपलं खरं वय अनेकांना ठाऊकच नव्हतं. १९०१ चा आकडाही अंदाजेच. आणि १८३९ ला जन्मलेली पोर १८४५ मध्ये बटाट्याचं पीक सडलं तेव्हा सहा वर्षांची होती. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्यातून जगलेल्या बाईकडं सरकार जन्मतारीख मागत होतं.

दुसरा मार्ग होता डब्लिनच्या दप्तरखान्यातले १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे कागद. अर्जात बापाचं नाव, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, वाडीचं नाव लिहायचं. कारकून गठ्ठे काढून शोधणार आणि काय मिळालं त्याचा शेरा मारणार.

जून १९२२ मध्ये यादवी सुरू झाली. 'फोर कोर्ट्स' इमारतीच्या लढाईत हा दप्तरखाना स्फोटात उडाला. दोन्ही जनगणनांचे बहुतेक कागद जळून गेले. शोधाचे ते अर्ज मात्र वाचले. आज ते डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, घरबसल्या इंटरनेटवरही पाहता येतात. ज्या कुटुंबांची मूळ पानं जळाली, त्यांच्यासाठी म्हातारीच्या पेन्शनपायी कारकुनानं उतरवून घेतलेल्या चार ओळीच आता उरल्यात.

बऱ्याच अर्जांवर शेरा एवढाच, 'नोंद सापडली नाही'. म्हणजे बहुधा पेन्शनही लांबली असेल. पण वर आईचं नाव आहे, बापाचं आहे, वाडीचंही आहे.