देवांचा दरबारी पोशाख

प्रभू रामचंद्राचा अंगरखा कोणी पाहिला आहे? वनवासी रामाच्या अंगावर वाल्मीकींनी वल्कले घातली. दिल्लीच्या रामलीलेत राज्याभिषेकाला उभा राहणारा राम मात्र भरजरी वेषात असतो. हा वेष कल्पनेतला खरा. पण ती कल्पना शिवून अंगावर चढविली ती चांदणी चौकालगतच्या किनारी बाजारासारख्या गल्ल्यांनी.

जर म्हणजे सोने, दोजी म्हणजे शिवण. फ्रेंच प्रवासी बर्निये याने १६६३ च्या आपल्या पत्रात दिल्लीच्या किल्ल्यातील कारखान्यांचे वर्णन केले आहे. त्यांतील एका दालनात उस्तादाच्या देखरेखीखाली भरतकाम करणारे बसलेले होते. दरबारी वस्त्राचा दरारा सत्तेहून चिवट ठरला. १७९२ साली महादजी शिंद्यांनी पुण्यास सवाई माधवरावांना वकील-इ-मुतलकीची वस्त्रे अर्पण केली, तेव्हा देणारा बादशहा स्वतः महादजींच्याच आश्रयाला होता!

१८५८ साली बहादूरशहाची रंगूनला रवानगी झाली आणि खिलत देणारा दरबारच उरला नाही. सुई मात्र राहिली. तिला लग्नघरांनी जगविले, आणि माझ्या मते रंगभूमीवरच्या देवांनीही.

तिचे काम पाहण्यासारखे असते. कारचोब नावाच्या लाकडी चौकटीवर मखमल ताणून बसवितात. टोचलेल्या कागदावरून खडूची पूड घासली की कापडावर ठिपक्यांची वेल उमटते. कारागिराचा एक हात चौकटीखालून धागा पुरवितो. वरचा हात आरी नावाच्या आकड्याच्या सुईने तो ओढून साखळीटाका घालतो. दबका, सलमा ही तारेची पोकळ वेटोळी. त्यांचे बारीक तुकडे मण्यांसारखे सुईत ओवून टाक्याने जखडायचे. खाली सुताची भर घातली की पान उठून दिसते.

रामलीलेच्या पोशाखात टिकल्या मोठ्या आणि टाके लांब. जाणकार यावर नाक मुरडतात. पण मैदानात शेवटच्या रांगेत बसलेल्या पोरालाही राम ओळखू यायला हवा, हे ते विसरतात. हे देव शिवणाऱ्यांत मुसलमान कारागीर पुष्कळ आहेत. त्या गल्ल्यांत त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

पूर्वीची जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन होई. आता बहुधा तांब्याची किंवा प्लॅस्टिकची असते. दिव्यांच्या झगमगाटात फरक कळत नाही. पोशाख हातात घेतला म्हणजे वजनावरून कळतो.