उन्हावर चाललेलें इंजिन

उन्हावर यंत्र चालविण्याची कल्पना आजकालची, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु 1878 सालीं विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानें मुंबईंत कुलाब्यास अनेक आरशांचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटून अडीच अश्वशक्तीचें वाफेचें इंजिन चालवून दाखविलें. त्याच वर्षीं त्यावर पुस्तकही छापलें.

मग ही विद्या मागें कां पडली? माझ्या मतें तिची परीक्षाच अस्थानीं झाली. मुंबईंत कोळसा, महाग कां होईना, बंदरांतच उतरे. आरशांची खरी गरज होती ती आमच्या सोनईसारख्या घाटावरील कोरड्या मुलखांत.

पुढें 1954 सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनचा सौरघट दाखविला. बाष्पपात्राचें लोढणें सुटलें. ऊन सरळ विजेंत उतरूं लागलें. आज वाडीवरील शिंपी छपरावरच्या सौरफलकावर शिवणयंत्र चालवूं शकतो. मात्र ॲडम्सची एक अडचण कायम आहे: दिवस मावळला कीं यंत्र थांबतें. रात्रीसाठीं वीज सांठवावयाची तर बॅटरीचा खर्च, आणि लहान धंदा तेथेंच वांकतो. म्हणून मला पिठाची गिरणी अधिक सोयीची वाटते. आभाळ आलें तर बाजरीचा डबा उद्यांपर्यंत थांबूं शकतो. दूध थंड ठेवणाऱ्यास मात्र रात्रीची सोय करावीच लागते.