जमिनीखालची नहर

वर्गात 'नहर' म्हणजे कालवा असे सांगितले की मुलांच्या डोळ्यांसमोर शेतातला उघडा पाट येतो. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी मात्र जमिनीखालून वाहते. ती दिसत नाही, म्हणूनच बहुधा लोक तिला विसरले.

मलिक अंबर हा हबश मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. शाळेच्या पुस्तकात तो गनिमी काव्यापुरता भेटतो. पण १६१० मध्ये त्याने खडकी गावी राजधानी वसवली, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. खाम नदीच्या भरवशावर एवढी वस्ती जगणार नव्हती. अंबरने उत्तरेच्या डोंगराकडे जमिनीत मुरलेले पाणी भुयारात गोळा केले आणि नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणले. मोट नाही, रहाट नाही. वाटेत चुन्याच्या बांधकामाचे उंच बंबे उभारले. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाई आणि पाण्याचा दाबही सांभाळला जाई. पुढे खापराच्या नळांतून ते हौदांत पडे.

हे पाणी प्यायले कोण? नव्या शहराभोवती मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरे उभे राहिले, ते मराठा सरदारांच्या नावांनी. ही मैत्री नावापुरती नव्हती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले.

अंबर १६२६ मध्ये गेला. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद. नहरींची मात्र भर पडत गेली. त्यांतलीच एक पाणचक्कीची. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात तिचे पाणी उंचावरून चाकावर पडे, जाते फिरे, आणि त्या पिठाच्या भाकरी फकीर-वाटसरूंच्या पोटात जात. पर्यटक तिथे कारंज्याचे फोटो काढतात. दळण कुणासाठी होते, हे क्वचितच कोणी विचारतो.

आज या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते, तेही काही दिवसांआड. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरामागे जुना बंबा आहे. त्यात पिंपळ उगवलाय. पलीकडे घराचा पाया खणताना खापरी नळ फुटला, तेव्हा दोन दिवस पाणी वाहत होते. गल्लीतल्या बायकांनी हंडे भरून घेतले. मग तिथे सिमेंट ओतले गेले.