धाकटं कोण सांभाळणार?

आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांना हे चित्र आठवत असेल. आई-बाप कामावर गेले, की आठ-नऊ वर्षांची थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी. शाळा भरली तरी ती तिथंच. संध्याकाळी आई दमून यायची. पोर रडतंय, भांडी तशीच पडलेली. मग सासूचा एक शब्द, नवऱ्याचा एक शब्द, की भांडण पेटलंच! आम्ही म्हणायचो, "बायकांचा स्वभावच भांडखोर." पण दोष स्वभावाचा नव्हता. मूल सांभाळायला माणूस नव्हतं, हे खरं दुखणं होतं.

हे दुखणं एका घरापुरतं नाही, समाजाचं आहे, हे पूज्य बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणात कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली कायदा झाला. बाळंतिणीला आधार मिळाला. पण मूल रांगू लागले की घरातला प्रश्न पुन्हा उभाच.

त्या प्रश्नाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हात घातला. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज पालघर जिल्ह्यात आहे. शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते राहिलेले बालशिक्षण त्यांना खेड्यातल्या गरिबाच्या दारी न्यायचे होते. मूल बालवाडीत येत नाही? मग बालवाडीच त्याच्या अंगणात जाईल! यातूनच अंगणवाडीची कल्पना पुढे आली.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुलं शाळेत का येत नाहीत? कुणी गुरं राखतं, कुणी धाकटं भावंड सांभाळतं. म्हणून गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटं पाळणाघरात, थोरली वर्गात. मुलीवर रागावण्यापेक्षा तिच्या कडेवरचं ओझं उतरवणं, हा त्यातला खरा धडा.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या. अनुताईंनी मात्र हे पाहिले.

आम्हाला वाटते, घरातल्या शांततेचा हिशेब आपण नीट मांडला पाहिजे. थोरल्या मुलीने शाळा सोडली आणि तोंडातून ब्र काढला नाही, म्हणून घर शांत राहिले, तर ती शांतता नव्हे. ती एका लेकराची मुकाट सोसणी आहे. आपल्या घरांत आज शिकलेल्या सुना-लेकी आहेत. त्यांच्या मागे कुणाची तरी थोरली बहीण शाळेबाहेर राहिलेली असते. तिला आठवू या. आणि आज आपल्या घरात धाकटं कोण सांभाळतं, हे एकदा विचारू या.