अवघड जागेचे दुखणे : चुकीच्या नावांची शंभर वर्षे

(थ्रेड)

१/१९
'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपल्याकडे विनोदाने वापरली जाते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या म्हणीचा पूर्वार्ध अक्षरशः खरा ठरवणारा एक आजार आहे. त्याचे आजचे नाव लायकेन स्क्लेरोसस. तो आटोक्यात ठेवणारे औषध म्हणजे एक मलम. परंतु ते मलम योग्य जागी पोहोचण्यापूर्वी अनेक स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले. हा त्या विलंबाचा इतिहास आहे.

२/१९
प्रथम आजाराविषयी. हा स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियावरील, म्हणजे भगावरील त्वचेचा दीर्घकालीन दाहक विकार आहे. त्वचा पांढुरकी होते आणि चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसू लागते. विशेषतः रात्री असह्य कंड सुटते. त्वचेला चिरा पडतात, लघुभगोष्ठ हळूहळू सपाट होत नाहीसे होतात, योनिद्वार आकसते. ऋतुनिवृत्तीनंतर तो अधिक आढळतो, पण लहान मुलींनाही होतो. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही.

३/१९
१८७५ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक रॉबर्ट वेअर यांनी जीभ आणि भग या दोन्ही ठिकाणी पांढरे चट्टे असलेल्या एका रुग्णाची नोंद केली. त्यांनी त्याला 'इक्थिओसिस' म्हटले. या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला 'मासा' आहे. त्वचा खवल्यांसारखी झाल्याचा हा निर्देश. १८८५ मध्ये प्राग येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आउगुस्ट ब्रायस्की यांनी 'क्राउरोसिस' हे नाव दिले. त्याचा अर्थ कोरडी, ठिसूळ झालेली, आक्रसलेली अवस्था.

४/१९
त्याच सुमारास पॅरिसमध्ये त्वचारोगतज्ज्ञ वेगळ्या वाटेने याच आजाराकडे येत होते. १८८७ मध्ये आंरी आलोपो यांनी त्याचे वर्णन केले. १८९२ मध्ये झाँ दारिए यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेची रचना तपासली. दोघांनाही तो 'लायकेन प्लानस' या ज्ञात त्वचाविकाराचाच एक प्रकार वाटला. पुढे त्वचारोगशास्त्रात 'लायकेन स्क्लेरोसस एट अट्रॉफिकस' हे लांबलचक नाव रूढ झाले : कठीण करणारा आणि क्षय घडवणारा लायकेन.

५/१९
अशा रीतीने एकाच दुखण्याची दोन घराणी तयार झाली. स्त्रीरोगतज्ज्ञ 'क्राउरोसिस' आणि 'ल्युकोप्लाकिया' म्हणत. त्वचारोगतज्ज्ञ 'लायकेन' म्हणत. ल्युकोप्लाकिया म्हणजे केवळ 'पांढरा चट्टा'. परंतु तोंडातील अशा चट्ट्यांचा कर्करोगाशी असलेला संबंध वैद्यांना ठाऊक होता. शब्द तोंडातून भगाकडे आला, तेव्हा त्याच्याबरोबर ही भीतीही आली.

६/१९
या भीतीला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधार मिळाला तो अमेरिकेतील सेंट लुइसच्या फ्रेड टॉसिग यांच्या कामातून. भगाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये शेजारच्या त्वचेवर 'ल्युकोप्लाकिक' बदल वारंवार आढळतात, असे त्यांनी मांडले. त्यावरून निघालेला निष्कर्ष सरळ होता : कर्करोग होण्याची वाट का पाहायची? आधीच कापून काढावे.

७/१९
या शस्त्रक्रियेचे नाव व्हल्व्हेक्टॉमी. तिच्यात बाह्य जननेंद्रियाची त्वचा, भगोष्ठ आणि अनेकदा शिश्निकाही काढून टाकली जाई. ज्या स्त्रीला कर्करोग झालेला नव्हता, जिची तक्रार कंड सुटण्याची होती, तिच्यावर हा उपचार होई. शरीराची, दांपत्यजीवनाची आणि मनाची किती हानी झाली, हे रुग्णालयांच्या नोंदींत क्वचितच उमटले. नोंदीत उरे ती शस्त्रक्रियेची तारीख आणि टाके भरल्याची खूण.

८/१९
या तर्कात एक दोष होता आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल. कर्करोग झालेल्या स्त्रियांपासून मागे पाहिले, तर पांढरी त्वचा पुष्कळ जणींत दिसते. पण पांढरी त्वचा असलेल्या सर्व स्त्रियांपासून पुढे पाहिले, तर कर्करोग फार थोड्या जणींना होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले गेले आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

९/१९
१९६१ मध्ये लिव्हरपूलचे स्त्रीरोगतज्ज्ञ नॉर्मन जेफकोट यांनी ए. एस. वुडकॉक यांच्यासह या समजुतीला आव्हान दिले. बहुसंख्य रुग्णांना कर्करोग होत नाही, म्हणून सरसकट व्हल्व्हेक्टॉमीला आधार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'ल्युकोप्लाकिया' हा भयसूचक शब्द टाकून 'डिस्ट्रॉफी' हा तटस्थ शब्द त्यांनी सुचवला. उपचार बदलायचा तर आधी नाव बदलावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

१०/१९
दुसरा धक्का प्रयोगातून बसला. ब्रिटिश रोगनिदानतज्ज्ञ इयान व्हिम्स्टर यांनी पाहिले की मांडीची निरोगी त्वचा भगावर रोपली, तर कालांतराने तिच्यावरही हाच आजार उमटतो. उलट भगावरची आजारी त्वचा मांडीवर लावली, तर ती सुधारते. म्हणजे केवळ त्वचा कापून दुखणे जात नव्हते. शस्त्रक्रियेनंतरही अनेकींची कंड परत का येत असे, याचे उत्तर येथे होते.

११/१९
आता दुसऱ्या कथेकडे वळू. ती मेयो क्लिनिकमध्ये सुरू होते. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी तीव्र संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला अधिवृक्क ग्रंथीतील एक संप्रेरक टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. ते संप्रेरक म्हणजे कॉर्टिसोन. हेंच, एडवर्ड केंडल आणि तादेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१२/१९
कॉर्टिसोन त्वचेवर चोळून मात्र उपयोग होईना. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी त्याचे सख्खे भावंड असलेले हायड्रोकॉर्टिसोन मलमातून वापरले आणि त्वचेचा दाह शमला. त्वचारोगशास्त्राचे एक नवे युग त्या मलमाने उघडले. भगावरील कंडीवर हे मलम वापरले गेले, पण या आजाराच्या मानाने ते सौम्य होते.

१३/१९
१९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी स्टेरॉइडची ताकद मोजण्याची एक सोपी रीत काढली. औषध हाताच्या त्वचेवर लावायचे आणि रक्तवाहिन्या आकसून त्वचा किती फिकट होते ते पाहायचे. या कसोटीमुळे नव्या रेणूंची निवड वेगाने होऊ लागली. १९७० च्या दशकात ग्लॅक्सो कंपनीचे क्लोबेटासोल प्रोपिओनेट बाजारात आले. ते हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट प्रभावी मानले जाते.

१४/१९
म्हणजे औषध हाती होते. मग ते या त्वचेवर का लावले गेले नाही? कारण पुन्हा नावात दडले होते. प्रभावी स्टेरॉइड दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, हे सर्वांना ठाऊक होते. आणि आजाराच्या नावातच 'अट्रॉफिकस', म्हणजे क्षय, हा शब्द होता. जी त्वचा आधीच क्षीण होत आहे, तिच्यावर क्षीण करणारे औषध कसे लावावे, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटे.

१५/१९
त्या काळात पसंती मिळाली ती २ टक्के टेस्टोस्टेरॉनच्या मलमाला. क्षीण त्वचेला पुरुषी संप्रेरकाने बळ मिळेल, ही त्यामागची कल्पना. काही स्त्रियांची शिश्निका वाढली, अंगावर केस आले, आवाज घोगरा झाला. विशेष म्हणजे १९७६ मध्येच भगविकारांच्या आंतरराष्ट्रीय अभ्याससंस्थेने नावातून 'एट अट्रॉफिकस' वगळले होते, कारण त्वचेचा वरचा थर नेहमीच पातळ नसतो, कधी जाडही होतो. शब्द गेला, भीती मागे राहिली.

१६/१९
ही भीती दूर होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये डॅल्झिएल, मिलार्ड आणि वोयनारोव्स्का यांनी ०.०५ टक्के क्लोबेटासोलचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये इटलीत ब्राको आणि सहकाऱ्यांनी ७९ रुग्णांवर क्लोबेटासोल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन आणि नुसते क्रीम यांची तुलना केली. क्लोबेटासोल निःसंशय सरस ठरले. कारण मूळ रोग दाहाचा होता. दाह थांबला की त्वचा सावरत होती.

१७/१९
पुढचा प्रश्न : कंड थांबली की मलमही थांबवावे का? ऑस्ट्रेलियातील ली, ब्रॅडफर्ड आणि फिशर यांनी २०१५ मध्ये ५०७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित उपचार घेणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही भगाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. अनियमित उपचार घेणाऱ्या १५० जणींपैकी ७ जणींना ती आढळली. ज्या कर्करोगाच्या भयाने एकेकाळी सुरी उचलली गेली, त्याला दूर ठेवण्यात नियमित मलमाचा वाटा असावा, असे हे आकडे सुचवतात.

१८/१९
आज रूढ असलेली एक पद्धत अशी : पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. या १२ आठवड्यांना ३० ग्रॅमची एक ट्यूब साधारणपणे पुरते. त्यानंतर गरजेप्रमाणे देखभालीचा उपचार आणि नियमित तपासणी. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. नाहीसे झालेले भगोष्ठ मात्र परत येत नाहीत. म्हणून निदान लवकर होणे महत्त्वाचे.

१९/१९
आपल्याकडे याला दुहेरी किनार आहे. हेच क्लोबेटासोल गजकर्णावरच्या मिश्र मलमांत सर्रास विकले गेले, त्याने गजकर्ण अधिक चिवट झाले आणि २०१८ मध्ये सरकारला त्वचेवरील अनेक स्टेरॉइडची विक्री चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई करावी लागली. एकीकडे हे मलम डॉक्टरांना न विचारता लावले जाते; दुसरीकडे जिला त्याची खरी गरज आहे, ती स्त्री संकोचाने वर्षानुवर्षे काही बोलतच नाही, किंवा बुरशीचा संसर्ग समजून चुकीचे मलम लावत राहते. शंभर वर्षे चुकीच्या नावांनी या आजाराची वाट अडवली. आता नाव योग्य आहे आणि औषधही आहे. उरला आहे तो संकोच.

(समाप्त)