लाकडातील सेल्युलोज तंतुकांचा कोन

काष्ठकोशिकेच्या भित्तीतील सेल्युलोजाचे सूक्ष्म तंतुक कोशिकेच्या लांबीशी जो कोन करतात, त्यावर लाकडाची ताठरता व आकुंचन पुष्कळसे अवलंबून असते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या अभ्यासातून भित्तीची रचना स्फटिकमय कणांची असल्याचे प्रतिपादन केले. टी. केर व आय. डब्ल्यू. बेली यांनी १९३४ मध्ये दुय्यम भित्तीचे तीन थर वर्णिले. मधला थर सर्वांत जाड असल्याने त्यातील कोन निर्णायक ठरतो. तो लहान असल्यास लाकूड ताठर असते व वाळताना लांबीत फारसे आखडत नाही; मोठा असल्यास ते लवचिक असते, पण वाळताना लांबीत आखडून वाकते. आय. डी. केव्ह यांनी १९६८ मध्ये भित्तीच्या स्थितिस्थापकतेशी असलेला हा संबंध गणिताने मांडला.

खोडाच्या भेंडालगतच्या कोवळ्या लाकडात, विशेषतः सूचिपर्णी वृक्षांत, कोन मोठा असतो. वाऱ्यात झुकणाऱ्या रोपाला ही लवचिकता तारक ठरते. सुताराला मात्र तीच अडचणीची होते. महाराष्ट्रात १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने सागाची विस्तृत लागवड केली. अशा लागवडीत तोडणीचे वय ठरविताना खोडाच्या घेराइतकेच कोवळ्या लाकडाच्या प्रमाणालाही महत्त्व असते.